परमुलखातील इर्जिक

इटली देशाच्या टस्कनी प्रांतात दरवर्षी लक्षावधी प्रवासी जातात. फ्लॉरेन्स नगरातील चित्रशाळा पाहावयाच्या, पिसाच्या कलत्या मनोऱ्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घ्यावयाचे, तेथील चार पदार्थ चाखावयाचे आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या गावची गाडी धरावयाची, असा बहुतेकांचा क्रम असतो. यात वावगे काही नाही. थोर कलाकृती डोळ्यांनी पाहण्यासाठी माणसाने दूरवर जावे, हे योग्यच आहे. पण असा प्रवासी त्या देशातील कोणाकोणाशी बोलतो? उतारशाळेतील कारकुनाशी, तिकीट तपासनिसाशी आणि भेटवस्तू विकणाऱ्या दुकानदाराशी. तिघांचाही त्याच्याशी असलेला संबंध पैशाचा असतो. देश पाहून होतो. परंतु त्या देशातील एकाही घराचा उंबरठा ओलांडलेला नसतो.

त्याच फ्लॉरेन्सच्या आसपास टेकड्यांचे उतार ऑलिव्हच्या झाडांनी भरलेले आहेत. या झाडाची पाने वरून हिरवी आणि खालून रुपेरी असतात. वारा सुटला की साऱ्या उतारावर चांदीची लाट सरकत गेल्यासारखी दिसते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत तेथे फळांची तोडणी चालते. एखाद्या लहानशा मळ्यात सकाळी पाहिले, तर झाडाखाली जाळी अंथरलेली आहे, म्हातारे आजोबा खाली बसून फळांतील पाने निवडीत आहेत, त्यांचा मुलगा व सून शिडीवर चढली आहेत, आणि त्यांच्याच शेजारी हातात लहानशी फणी घेऊन दुसऱ्याच कोणत्या तरी देशातील एक तरुण डहाळीवरून फळे विंचरून काढीत आहे, असे दृश्य दृष्टीस पडण्याचा संभव असतो. हा तरुण मजूर नव्हे. त्याला रोज मिळत नाही. तो उतारू नव्हे. तो भाडे देत नाही. दिवसाचे काही तास त्याने शेतावर काम करावयाचे आणि त्या घराने त्याला जेवण व झोपावयास जागा द्यावयाची, एवढाच दोघांमधील करार. प्रवासाची ही रीत चांगली की वाईट, तिच्यात शिकण्यासारखे काय आहे आणि सावध राहण्यासारखे काय आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण आजच्या मुलांपैकी कित्येकजण उद्या परदेशी जाणार आहेत.

या रीतीला व्यवस्थित रूप मिळाले ते इंग्लंडात, १९७१ साली. लंडन शहरात स्यू कॉपर्ड नावाची एक तरुणी एका कचेरीत चिटणिसाचे काम करीत असे. आपल्यासारख्या शहरवासीयांना खेड्यात जावेसे वाटते, पण तेथे ओळखीचे कोणी नसते, ही तिची अडचण होती. दुसरीकडे, रासायनिक खते व तणनाशके न वापरता शेती करणाऱ्या शेतकऱ्यांना माणसांची चणचण होती. कारण जे तण औषध फवारून मरत नाही, ते हातानेच उपटावे लागते. या दोन गरजांची गाठ घालून द्यावी, अशी कल्पना तिला सुचली. ससेक्स परगण्यातील एमर्सन कॉलेज या संस्थेच्या शेतावर अवघी चार माणसे शनिवार-रविवार काम करावयास गेली, आणि प्रयोगाला प्रारंभ झाला. त्या उपक्रमाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून ‘वूफ’ असा एक गमतीदार शब्द तयार झाला. त्या नावाचा मूळ अर्थ ‘सेंद्रिय शेतांवरील श्रमाचे शनिवार-रविवार’ असा होता. पुढे शनिवार-रविवारची मर्यादा गेली, इंग्लंडची सीमाही गेली, आणि आज शंभराहून अधिक देशांत असे यजमान शेतकरी आढळतात. भारतातही ते आहेत.

व्यवस्था अगदी साधी आहे. शेतकरी आपल्या शेताची माहिती लिहून कळवितो : जमीन केवढी, पीक कोणते, घरात माणसे किती, कोणत्या महिन्यात मदत हवी. जाऊ इच्छिणारा ती वाचून त्याला पत्र लिहितो. दोघांचे जमले, तर ठरल्या दिवशी पाहुणा हजर होतो. काम साधारणपणे दिवसाला चार ते सहा तासांचे; उरलेला वेळ पाहुण्याचा. मुक्काम काही दिवसांचा किंवा काही आठवड्यांचा. शेतीची पूर्वीची माहिती असलीच पाहिजे असे नाही. शिकण्याची तयारी मात्र लागते. अर्थात, हे सर्व वयाने सज्ञान झालेल्यांसाठी आहे. शाळकरी मुलांनी अजून काही वर्षे धीर धरलेला बरा.

आता कोणी म्हणेल, यात नवे ते काय? आणि त्याचे म्हणणे खोटे ठरणार नाही. महाराष्ट्रातील खेड्यांत इर्जिक नावाची एक जुनी पद्धत आहे. एखाद्या शेतकऱ्याची नांगरणी किंवा पेरणी मागे पडली, त्याचा बैल अकस्मात गेला किंवा घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, म्हणजे तो गावात इर्जिकीचे आमंत्रण करी. ठरल्या दिवशी शेजारीपाजारी आपापली औते व बैल घेऊन त्याच्या रानात उतरत. एकाला जे काम पंधरा दिवस पुरले असते, ते दिवस मावळेपर्यंत हातावेगळे होई. मजुरीचा शब्दही कोणी काढीत नसे. ज्याचे काम, त्याने सर्वांना पोटभर जेवू घालावयाचे. कापणीच्या वेळी अशी माणसे एकत्र आली, की भलरी म्हटली जाई आणि गाण्याच्या ठेक्यावर विळे चालत. याच पद्धतीची धाकटी बहीण म्हणजे सावड : आज त्याने याच्या शेतात राबावयाचे, उद्या याने त्याच्या शेतात. यंत्रे आली, माणसे शहरात गेली, आणि इर्जिक हा शब्द आज कित्येक मुलांच्या कानांवरूनही गेला नसेल. पण कल्पना मात्र तीच आहे : श्रमाच्या बदल्यात पैसा नव्हे, तर ताट.

टस्कनीतही असेच होते, हे समजल्यावर कोणालाही नवल वाटेल. तेथील बहुतेक शेतकरी पूर्वी स्वतःच्या जमिनीवर राबत नसत. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाचे, आणि पिकाची निम्मी वाटणी, अशी तेथील वहिवाट होती. आपल्याकडे हिलाच निमबटाई म्हणतात. शेत कसावयास भरपूर हात हवेत, म्हणून कुटुंबे मोठी असत. आजा, मुलगे, सुना, नातवंडे अशी दहा-पंधरा माणसे एका छपराखाली नांदत. गव्हाची मळणी निघाली की आसपासची कुटुंबे एकमेकांच्या खळ्यावर जात, आणि ज्याचे खळे, त्याच्या घरी त्या दिवशी मोठी पंगत बसे. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र कारखान्यांनी तरुणांना शहरांकडे ओढून घेतले. निमबटाईचे नवे करार करण्यास १९६४ च्या कायद्याने बंदी झाली. टेकड्यांवरील कित्येक दगडी घरे ओस पडली. जी कुटुंबे मागे राहिली, त्यांत आज दोन किंवा तीनच माणसे असतात. झाडे मात्र पूर्वीइतकीच आहेत, आणि ती सर्व एकाच महिन्यात पिकतात.

या झाडांचीही एक हकिगत सांगण्याजोगी आहे. १९८५ च्या जानेवारीत टस्कनीवर भयंकर थंडी कोसळली. फ्लॉरेन्सजवळ पारा शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे उतरला. ऑलिव्हचे झाड दुष्काळ सोसते, खडकाळ जमीन सोसते, पण असा हिमकाळ त्याला सोसत नाही. आजोबा-पणजोबांनी लावलेली असंख्य झाडे एका आठवड्यात जळाल्यासारखी झाली. शेतकऱ्यांनी ती बुंध्याशी कापून टाकली आणि वाट पाहिली. मुळे जिवंत होती. त्यांतून कोंब फुटले. पुढे ते वाढले आणि काही वर्षांनी पुन्हा फळांवर आले. म्हणून आज तेथील बागेत हिंडताना एकाच बुडख्यातून तीन-चार खोडे निघालेली झाडे ठिकठिकाणी दिसतात. मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशाला ती झुडपांसारखी वाटतात. त्या झाडावर शिडी लावणाऱ्या पाहुण्याला मात्र घरातले कोणी तरी केव्हा तरी ही कथा सांगतेच. आणि मग ज्या फांदीला तो हात घालतो, ती फांदी त्याला निराळी वाटू लागते.

पहिल्या दिवशी नवखा पाहुणा हटकून एक चूक करतो. तो एक टपोरे फळ तोंडात टाकतो आणि लगेच थुंकून देतो. झाडावरचे ऑलिव्ह कडुनिंबाच्या पाल्यासारखे कडू असते; ते मुरविल्यावाचून खाता येत नाही. घरातील मंडळी हसतात. दुसरी चूक याहून महागात पडते. लवकर काम व्हावे म्हणून तो डहाळ्या ओरबाडतो किंवा काठीने झोडपतो. ऑलिव्हला फळ धरते ते आदल्या वर्षीच्या फुटीवर. तेव्हा आज मोडलेली कोवळी डहाळी म्हणजे पुढल्या वर्षीचे बुडालेले पीक. म्हणून फणी कोणत्या कोनात धरावी, फांदी कोठे पकडावी, हे त्याला एकदा नव्हे, चारदा सांगावे लागते. मुकाट्याने ऐकून घेतल्यावाचून गत्यंतर नसते. मग तो स्वतःच्या देशात कितीही मोठ्या महाविद्यालयाचा पदवीधर असो.

तोडलेली फळे ढिगात पडून राहिली तर तापतात आणि आंबू लागतात. तेलाला वाईट वास येतो. म्हणून एकदोन दिवसांच्या आतच ती गिरणीत न्यावी लागतात. हंगामात तेथे रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. पूर्वी दगडी चाकाचे घाणे होते, आता पोलादी यंत्रे आली आहेत. पण आपल्याच फळांचे तेल आपल्यालाच मिळावे म्हणून शेतकरी आपल्या पेट्यांवर नजर ठेवून तेथेच उभा राहतो. या गोष्टीत जगातील सर्व शेतकरी सारखेच दिसतात. साधारण सहा-सात किलो फळे घातल्यावर लीटरभर तेल हाती येते. वर्ष वाईट असेल तर त्याहूनही कमी. दिवसभर शिडीवर उभे राहून ज्याच्या पोटऱ्या दुखू लागल्या आहेत, त्याला तेलाच्या बाटलीची किंमत जास्त का असते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकावाचून कळते.

आणि मग ताट. टस्कनीतील शेतकऱ्याचे जेवण राजेशाही नसते. घेवड्याच्या दाण्यांची उसळ, पालेभाज्या, भाजलेल्या पावावर लसूण चोळून वर ओतलेले ताजे, हिरवट, घशाला किंचित झोंबणारे तेल. तेथील पावात मीठ मुळीच नसते. परदेशी पाहुणे त्यामुळे नाक मुरडतात. ज्वारीच्या बिनमिठाच्या भाकरीवर वाढलेल्या मराठी मुलाला मात्र त्यात काहीच चुकल्यासारखे वाटू नये. शिळा पाव तेथे टाकून देत नाहीत. भाज्या आणि घेवडा घालून त्याचे दाट कढण करतात. फोडणीच्या भाकरीची आठवण होऊन ज्याच्या डोळ्यांत पाणी येईल, तो त्या घरात परका राहिला असे कसे म्हणावे? उपाहारगृहातही हाच पदार्थ मिळतो आणि तो सुबक बशीत मिळतो. पण तेथे तो पदार्थ असतो. येथे ती आदल्या दिवशीची उरलेली भाकरी असते. हा भेद लहान नाही.

एवढे सर्व वाचून ही प्रवासाची रीत निर्दोष आहे असे कोणी समजेल, तर तो फसेल. तिच्यावर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत, आणि त्यांतील काही फार गंभीर आहेत.

पहिला आक्षेप मजुराचा आहे. पाहुणा फुकट राबतो. मग ज्याचे पोट रोजावर चालते, त्या गावातल्या मजुराला शेतकरी का बोलावील? इटलीतही तोडणीच्या हंगामावर जगणारी गरीब माणसे आहेत. त्यांतील पुष्कळशी दूरच्या देशांतून पोटासाठी आलेली असतात. हौसेने आलेल्याच्या हातून त्यांच्या तोंडचा घास काढला गेला, तर त्या हौसेला सद्गुण म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप पाहुण्याच्या बाजूचा आहे. परका देश, परकी भाषा, एकाकी मळा. यजमान लबाड निघाला आणि चार तासांचे दहा तास करू लागला, तर तक्रार कोणाकडे करावयाची? तिसरा यजमानाच्या बाजूचा. कित्येक पाहुणे दोन दिवस काम करतात, तिसऱ्या दिवशी अंग दुखते म्हणून निजून राहतात आणि चौथ्या दिवशी समुद्रकिनारा पाहावयास निघून जातात. अशा पाहुण्याला शिकविण्यात गेलेला वेळ शेतकऱ्याला परत कोण देणार?

या आक्षेपांपैकी दुसरा नुसता कल्पनेचा खेळ नाही, हे ऑस्ट्रेलियातील उदाहरणावरून दिसते. परदेशी तरुणांना तेथे एक वर्ष राहून हिंडण्याची व काम करण्याची मुभा आहे. त्यांना दुसऱ्या वर्षाची परवानगी हवी असेल, तर पहिल्या वर्षात ८८ दिवस शेतीसारखे विशिष्ट काम केल्याचा दाखला द्यावा लागे, आणि त्यात बिनपगारी कामही धरले जाई. परिणाम काय झाला? ज्याच्या सहीवर पाहुण्याचे पुढले वर्ष अवलंबून, तो शेतकरी यजमान राहिला नाही. तो धनी झाला. काही ठिकाणी या तरुणांची पिळवणूक होऊ लागली. अखेर २०१५ साली तेथील सरकारने नियम बदलला, आणि त्यापुढे केवळ कायदेशीर वेतन दिलेले कामच त्या दाखल्यासाठी धरले जाऊ लागले. सरकारने केले ते योग्यच केले. ज्या मदतीला नकार देता येत नाही, ती मदत नव्हे; ती वेठ होय. वेठबिगारीचा इतिहास ज्या देशाच्या खेड्यांनी शतकानुशतके सोसला, त्या देशातील मुलांना हा फरक अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

सरकारी परवान्याची अडचणही लक्षात ठेवली पाहिजे. न्यूझीलंडमध्ये श्रमाबद्दल मिळालेले अन्न व निवारा हाही मोबदलाच मानला जातो. म्हणून नुसत्या पर्यटकाच्या परवान्यावर तेथे असे काम करता येत नाही. ‘वूफ’ या नावात एके काळी ‘काम करणारे’ अशा अर्थाचा शब्द होता. तो पाहून अधिकारी संशय घेऊ लागले, की ही माणसे नोकरीसाठीच येत आहेत. तेव्हा संस्थेला आपल्या नावाचा अर्थच बदलून घ्यावा लागला. ज्या देशात जावयाचे, त्या देशाचा नियम आधी विचारून घ्यावा आणि तो अक्षरशः पाळावा. चोरपावलांनी आलेल्या पाहुण्याला पाहुणा म्हणत नाहीत.

मग चांगले आणि वाईट ओळखावे कसे? यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे : यजमान स्वतः शिडीवर चढतो काय? जेथे मालक आणि मालकीण पाहुण्याच्या खांद्याला खांदा लावून राबतात, त्याच भांड्यातले अन्न त्याला वाढतात, काम का करावयाचे हे समजावून सांगतात आणि दुपारनंतर त्याला मोकळे सोडतात, तेथे ती इर्जिक आहे. जेथे मालक मोटारीतून येऊन किती पेट्या भरल्या एवढेच विचारतो, पाहुण्यांची पंगत वेगळी आणि घरच्यांची वेगळी असते, आणि मळ्याच्या मालाची विक्री दूरदेशी चढ्या भावाने चाललेली असते, तेथे मजुरी द्यावयास हवी. तशी ती न देणे ही लबाडी आहे, मग तिला कोणतेही गोंडस नाव असो. मजुराचा आक्षेपही याच कसोटीने पुष्कळसा सुटतो. ज्याच्यापाशी रोज देण्याइतका पैसा आहे, त्याने मजूर लावावा. ज्या घरात दोन म्हातारी माणसे आणि चारशे झाडे आहेत, ज्यांचे वर्षाचे तेल घरखर्चालाच जेमतेम पुरते, त्याच्या दारी गेलेल्या पाहुण्याने कोणाचा घास हिरावला असे म्हणता येत नाही. उलट, ते फळ एरवी झाडावरच राहिले असते.

पाहुण्यासही कसोटी आहे. ठरले तेवढे दिवस राहावे. सांगितले तसे करावे. सकाळी हाक मारावी लागू नये. जेवल्यावर भांडी विसळण्यास उठावे. छायाचित्रे काढण्यासाठीच ज्याला मळ्यावर जावयाचे आहे, त्याने खुशाल उतारशाळेत राहावे. तेथे त्याची सोय उत्तम होईल आणि शेतकऱ्याचाही वेळ वाचेल.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून भागणार नाही. महाराष्ट्रातील किती तरी सुशिक्षित तरुणांना आपल्या गावच्या शेतात खुरपे धरण्याची लाज वाटते. सुट्टीत गावी गेलेला मुलगा बांधावर उभा राहून आईला खुरपताना पाहतो, पण स्वतः वाफ्यात उतरत नाही. हाच मुलगा मोठा झाल्यावर विमानाचे भाडे खर्चून परमुलखात जाईल आणि तेथील मातीत आनंदाने हात घालील, तर त्याला काय म्हणावे? हे ढोंग आहे असे गावातील जाणती माणसे म्हणतील. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. परक्या गावात डोक्यावर पाटी घेतली, तरी ओळखीचे कोणी पाहत नाही. म्हणून तेथे लाज वाटत नाही, हे सरळ आहे. शिवाय, हौसेने केलेल्या श्रमाची गोष्ट निराळी आणि कर्जाच्या ओझ्याखाली, पावसाकडे डोळे लावून केलेल्या श्रमाची गोष्ट निराळी. एकादशीला उपास करणाऱ्याने घरात दाणा नसलेल्याला उपासाचा महिमा सांगू नये. परतीचे तिकीट खिशात असलेल्या पाहुण्याने आपण शेतकरी झालो असे समजणे हा त्या शेतकऱ्याचा अपमानच होय.

परंतु या रागापाशीच थांबणे न्यायाचे होणार नाही. पुष्कळदा माणसाला आपल्या घरातील वस्तू दुसऱ्याच्या घरात पाहिल्यावरच दिसते. टेकडीवरच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आपल्या फणीचा, आपल्या तेलाचा, हिमकाळातून पुन्हा फुटलेल्या झाडांचा अभिमान आहे, हे जो महिनाभर पाहतो, त्याला आपल्या आईच्या हातातील खुरप्यातही एक विद्या आहे याची जाणीव होण्याचा संभव असतो. ती विद्या कोठल्याही पाठ्यपुस्तकात नाही : कोणते रोप पिकाचे आणि कोणते तणाचे, हे ते बोटभरही उंच झालेले नसताना ओळखणे; मुळाला धक्का न लावता तण काढणे; वाफसा आला की नाही हे मूठभर माती दाबून सांगणे. परदेशी जाऊन आल्यावर एखाद्याला हे उमगले, तर उशिरा का होईना, उमगले. मात्र ते उमगण्यासाठी प्रत्येकाने विमानातच बसले पाहिजे असे नाही. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी भाताची कापणी चाललेली असते. तेथे जावयास परवाना लागत नाही.

ज्यांच्या घरी विमानभाड्याचा विचारही होऊ शकत नाही, अशा मुलांना ही सारी हकिगत परक्यांची वाटेल. तसे वाटावयाचे कारण नाही. यजमान शेतकरी भारतातही आहेत, आणि दूरदेशीचे तरुण त्यांच्याकडे येतात. समजा, असा एखादा पाहुणा कार्तिकात मावळातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या घरी आला. त्याला भाषा येत नाही. मांडी घालून बसताना त्याचे गुडघे दुखतात. तो भाकरी दोन्ही हातांनी तोडतो आणि ठेच्याला चटणी समजून मोठा घास घेतो. घरातील मंडळी हसतात, आजी घाईघाईने त्याच्यापुढे ताकाचा पेला ठेवते. सकाळी तो सर्वांबरोबर खाचरात उतरतो. विळा त्याने जन्मात हाती धरलेला नसतो. वडील पुढची पात धरून कापीत निघालेले असतात, आई पेंढ्या बांधीत असते. कोणालाच थांबावयास सवड नसते. तेव्हा चुडाची मूठ कशी आवळावी, विळा जमिनीशी किती आडवा धरावा आणि पाते आपल्या करंगळीपासून दूर कसे राखावे, हे त्या पाहुण्याला दाखविण्यासाठी घरातल्या बारा वर्षांच्या मुलालाच पुढे व्हावे लागते.